नाइट व्हिजन स्कोपची जुळणी : माझा अनुभव

रात्रीच्या शिकारीसाठी रायफलवर चढवायचा नवा डिजिटल नाइट व्हिजन स्कोप, म्हणजे अंधारात दाखवणारी नेमाची दुर्बीण, पेटीतून बाहेर येतो तेव्हा त्याचं सगळं वर चढवलेलं असतं. पडद्याचा उजेड भरपूर, कॉन्ट्रास्ट भडक, सोबतची इन्फ्रारेड टॉर्च पूर्ण जोरावर. घरातल्या अंधाऱ्या खोलीत तो डोळ्याला लावला की माणूस खूश होतो, कोपऱ्यातली कोळिष्टकंसुद्धा दिसतात. रानात त्याच सेटिंगवर समोरचं गवत पांढरंफेक आणि त्यामागे सगळं गिचमिड. मग वाटतं, स्कोपच हलक्या दर्जाचा लागला. माझा स्कोप मी बरेच दिवस खपून जुळवला आणि त्यातून कळलं ते एवढंच, की रात्री दिसायला लागतं ते बहुतेक वेळा काहीतरी उतरवल्यावर, चढवल्यावर नाही. काय काय उतरवलं आणि कुठल्या क्रमाने, ते लिहिते.

आधी एक सांगून ठेवते. ही शिकार पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरांची, रीतसर परवान्यावर, आणि जिथे रात्रीची शिकार व रायफलवरचा असा स्कोप दोन्ही कायद्याला चालतात अशा ठिकाणची. सगळीकडे चालत नाहीत. काही देशांत शिकारच बंद आहे, काही ठिकाणी दिवसा परवानगी असते पण नाइट व्हिजन चढवलं की गुन्हा, काही ठिकाणी फक्त डुकरांपुरती सूट. पैसे घालायच्या आधी हे बघून घ्यावं.

माझ्याबरोबर मामा असतात. त्यांचा स्कोप जुन्या जातीचा, म्हणजे इमेज इंटेन्सिफायर ट्यूबचा. त्यात समोरून आलेल्या अंधूक प्रकाशाचे इलेक्ट्रॉन होतात, ते असंख्य बारीक छिद्रांच्या चकतीतून जाताना कित्येक पटींनी वाढतात आणि मागच्या फॉस्फरच्या पडद्यावर आदळून हिरवं चित्र उमटवतात. माझा डिजिटल, म्हणजे पुढे कॅमेऱ्यासारखा सेन्सर आणि मागे छोटासा पडदा. फरक वापरताना जाणवतो. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड साधारण ०.१ ते ०.३ लक्स (लक्स हे उजेडाचं माप) असतो, तर चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री नुसत्या चांदण्यांचा साधारण ०.००१ लक्स. मामांची ट्यूब त्या चांदण्यांवरही बरंच काही दाखवते. माझा सेन्सर पौर्णिमेच्या आसपास टॉर्चशिवाय चालतो, पण अमावस्येला टॉर्च नसेल तर नुसती मुंग्यांची रांग दिसल्यासारखा पडदा वळवळतो. म्हणून त्यांची जुळणी बहुतांशी भिंगांची आणि माझी बहुतांशी टॉर्चची.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही. स्कोप रायफलला धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू कंपनीने दिलेल्या आकड्याइतकेच टॉर्क रेंचने आवळावेत, लेव्हल लावून रेटिकलची, म्हणजे नेमाच्या फुलीची, उभी रेघ खरोखर उभी करावी आणि डोळ्याचं अंतर नेहमीच्या जाड जॅकेटमध्ये, नेहमी जसं बसतो तसं बसून ठरवावं. डिजिटल स्कोप जड असतो, त्यात पुढे टॉर्च आली की आणखी जड. दस्त्यावर गाल टेकवून डोळे मिटायचे, मग उघडायचे. पडदा पूर्ण, चारही कोपऱ्यांसकट दिसला पाहिजे. मान पुढे ताणावी लागत असेल तर स्कोप मागे घ्या. पण फार मागेही नको, धक्क्याने भुवईवर खूण उठते.

खरी सुरुवात आयपीसपासून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाच्या डायऑप्टर नावाच्या कड्यापासून. हे कडं समोरचं दृश्य स्पष्ट करत नाही. ते फक्त तुमचा डोळा आणि आतला पडदा यांचं जमवतं. बहुतेकांची गल्लत इथेच होते. समोरचं झाड पुसट दिसतं म्हणून डायऑप्टर फिरवतात, मग पुढचं फोकस फिरवतात, मग परत डायऑप्टर, आणि दोन्ही कडी एकमेकांच्या चुका झाकत बसतात. मामांनी मला पुढच्या भिंगावर झाकण लावूनच बसवलं.

"मामा, काहीच दिसत नाहीये."

"काही बघायचंच नाहीये. बॅटरीचा आकडा वाच फक्त."

झाकण लावलेलं असताना पडद्यावर उरतं ते रेटिकल, कोपऱ्यातलं घड्याळ, बॅटरीची खूण आणि मेन्यूची अक्षरं. कडं एका टोकाला नेलं की अक्षरं लोकरीसारखी फुगतात. हळूहळू परत आणलं की आकड्यांच्या कडा धारदार होतात, आणखी फिरवलं तर पुन्हा फुगतात. ती धारदार जागा ओलांडून परत यायचं, दोन्ही बाजूंनी. माझ्या पडद्यावर अगदी बरोबर जागी आलं की रेटिकलच्या रेघेच्या कडेला पडद्याचे सुटे ठिपके, पायऱ्या-पायऱ्यांसारखे, दिसू लागतात. ते दिसले की थांबायचं. चष्मा लावून नेम धरणार असाल तर हे चष्मा लावूनच करायचं. आणि मधूनमधून डोळा बाजूला नेऊन लांब कुठेतरी बघायचं, कारण डोळा स्वतःच फोकस करून घेतो आणि पुसट पडदाही खपवून घेतो. अर्ध्या तासाने मग डोकं धरतं. एकदा जमलं की कड्यावर आणि नळीवर मिळून पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका दिला. त्यानंतर ते कडं मी हलवलेलं नाही. मामांच्या डोळ्याचा नंबर वेगळा, म्हणून त्यांना माझ्या स्कोपमधून बघायचं असलं की ते कडं न फिरवता जरा कुरकुरत बघतात.

पुढच्या भिंगाचं, म्हणजे ऑब्जेक्टिव्हचं फोकस दिवसा जमवून ठेवता येईल असं वाटतं, पण येत नाही. भिंगातून जाताना निरनिराळ्या तरंगलांबीचा प्रकाश निरनिराळ्या ठिकाणी एकवटतो, आणि इन्फ्रारेडची जागा दिसणाऱ्या उजेडापेक्षा जराशी सरकलेली असते. दिवसा शंभर मीटरवर लख्ख असलेलं फोकस रात्री टॉर्चखाली त्याच शंभर मीटरवर मऊ पडतं. म्हणून रात्रीच, टॉर्च लावून, वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून घेतलं आणि कड्यावर चिकटपट्टी लावून तिच्यावर खुणा केल्या: ५० मीटर, १००, १५०. पाल्यावर फोकस करू नये, पानं हलतात आणि कडा मऊच असतात. कुंपणाचा खांब, तार, दगडाची कड असलं काहीतरी बरं. काहीच नसेल तर आकाश. एखादा तारा धरून कडं फिरवलं की तो फुगतो, आकसतो, परत फुगतो. सर्वांत बारीक ठिपका तेच अनंतावरचं फोकस.

या कड्याची आणखी एक परीक्षा घ्यावी लागते आणि ती कोणी सांगत नाही. रायफल वाळूच्या पिशव्यांत घट्ट बसवायची, रेटिकल खांबावरच्या एका खिळ्यावर आणायचं आणि हात न हलवता फोकसचं कडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. चित्र पुसट होईल, स्पष्ट होईल, पण खिळा रेटिकलवरच राहिला पाहिजे. तो बाजूला सरकत असेल तर आतलं भिंग आडवं हलतंय आणि फोकस बदललं की नेमही बदलणार. माझ्या स्कोपमध्ये खिळा किंचित सरकायचा, कड्याच्या एका टोकाकडून येताना जास्त. म्हणून मी एक शिस्त लावून घेतली: कडं आधी पुढे नेऊन मग नेहमी एकाच दिशेने मागे आणायचं. सरकणं तेवढ्याने जवळजवळ थांबलं.

आता उजेड. आधी पडद्याचा. काळोखाला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि झगझगीत पडद्याकडे काही सेकंद बघितलं तरी तो सराव मोडतो. स्कोपमधून डोळा काढला की त्या डोळ्यापुढे अंधारी, आणि काडतूस कुठल्या खिशात आहे तेही चाचपावं लागतं. म्हणून उजेड इतका उतरवला की पडद्यावरचा सर्वांत काळा भाग आणि स्कोपच्या नळीच्या आतला काळोख यांत फरक कळेनासा झाला. पहिल्यांदा फार अंधूक वाटतं, पण पाच-दहा मिनिटांनी त्याच पडद्यात गवताच्या सावल्यांमधल्या छटा वेगळ्या दिसू लागतात. शिवाय पडदा भगभगीत असला की त्याचा उजेड आपल्याच तोंडावर पडतो, आणि समोरच्या जनावराला अंधारात एक चेहरा लोंबकळताना दिसतो. रबरी कप नीट दाबून बसवला तर हे टळतं. आसपास टेहळणी करायची ती दुसऱ्या डोळ्याने, मोनोक्युलरमधून, म्हणजे एका डोळ्याच्या सुट्या दुर्बिणीतून. नेम धरायचा डोळा शक्यतो मिटलेला किंवा काळोखात.

मामांना या बाबतीत एक चैन आहे. त्यांच्या ट्यूबचा पडदा हिरवा, आणि माणसाच्या डोळ्याला हिरव्याच्या छटा चांगल्या ओळखता येतात. त्यांच्यावर एक बंधनही आहे: ट्यूबला दिवसाचा उजेड सोसत नाही. झाकणाला बारीक छिद्र असतं, दिवसा काम पडलंच तर तेवढ्या छिद्रातून. माझ्या डिजिटलला ती भीती नाही, म्हणून झिरो करणं, म्हणजे रेटिकल आणि गोळी एकाच जागी आणणं, मला सोपं गेलं.

टॉर्चवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. स्कोपला जोडून आलेली टॉर्च ८५० नॅनोमीटर तरंगलांबीची. तिचा झोत डोळ्याला दिसत नाही, पण समोरून टॉर्चकडे बघितलं तर मंद लाल ठिणगी दिसते. ९४० नॅनोमीटरची घेतली तर ती ठिणगीही नाही, पण सेन्सर त्या टोकाला बराच कमी संवेदनशील असतो, त्यामुळे पल्ला घटतो. मी दोन्ही वापरून बघितल्या आणि ८५० ठेवली. बसायची जागा जरा उंचावर असेल तर लाल ठिणगी फारशी आड येत नाही असा माझा अनुभव. मामांचं मत उलटं आहे, त्यांच्या मते एकदा ठेच लागलेली डुकरं ठिणगी ओळखतात. यावर आमचं एकमत व्हायचं नाही.

पण जास्त महत्त्वाचं ते झोत कुठे पडतो ते. डिजिटल स्कोप सगळ्या चित्राचा सरासरी उजेड मोजून आपोआप एक्स्पोजर ठरवतो. समोर पाच मीटरवर गवताचे चार तुरे असतील आणि टॉर्चचा झोत त्यांच्यावर पडत असेल, तर ते तुरे जळाल्यासारखे पांढरे होतात आणि स्कोप बिचारा एकूण उजेड खाली आणतो. ऐंशी मीटरवरचं डुक्कर मग काळोखात बुडतं. तुम्ही टॉर्च आणखी वाढवता, तुरे आणखी पांढरे, डुक्कर आणखी बुडालेलं. हिरवी पानं तर या प्रकाशात फसवी असतात. डोळ्याला ती गर्द दिसतात, पण जवळचं इन्फ्रारेड ती भरपूर परत फेकतात, त्यामुळे स्कोपमध्ये झुडूप पांढरं दिसतं. पाणी उलट काळं. डबकं दिसतं ते जमिनीत खड्डा पडल्यासारखं.

यावर केलं ते असं. झोत अरुंद केला. टॉर्च स्कोपच्या बाजूला होती ती वर नेली, जेणेकरून झोताची खालची कड जवळच्या गवतावरून निघून जावी. टॉर्चच्या माउंटला झोत हलवायचे स्वतःचे छोटे स्क्रू असतात. शंभर मीटरवरच्या भिंतीवर झोताचा गोल पाडून तो रेटिकलभोवती मध्यभागी आणला. जवळच्या अंतरावर हे करून उपयोग नाही, कारण टॉर्च आणि स्कोप यांच्यात काही सेंटिमीटरचं अंतर असतं आणि दहा मीटरवर जमवलेला गोल शंभरावर भलतीकडे जातो. बसायच्या जागेसमोरचं गवत विळ्याने साफ केलं. हे काम सर्वांत साधं, आणि मेन्यूतल्या कुठल्याही बटणापेक्षा फरक त्यानेच जास्त पडला. आणि मग टॉर्चचा जोर उतरवत गेले. पूर्ण ताकदीवरून निम्म्यावर, निम्म्यावरून आणखी खाली. एका पातळीला आल्यावर मागच्या बांधावरचे दगड एकेक सुटे दिसायला लागले. त्याआधी तिथे नुसती पांढरी पट्टी होती.

धूळ आणि धुकं ही वेगळी दुखणी. हवेतला प्रत्येक कण झोत परत फेकतो. वाऱ्याने माती उडत असेल तर पडद्यात बर्फ पडल्यासारखं दिसतं. जोर कमी केला आणि टॉर्च स्कोपपासून जरा लांब, म्हणजे बाजूला वेगळ्या तिपाईवर ठेवली, तर थोडं सुधारतं, कारण परत येणारा झोत मग थेट भिंगात शिरत नाही. फक्त दोन हातांची आणि दोन माणसांची तयारी लागते.

झिरो करण्याचं काम चांदमारीच्या मैदानात, भर दिवसा, वारा पडलेला असताना केलं. डिजिटल स्कोपमध्ये रेटिकल हे चित्रावरच उमटवलेलं असतं, त्यामुळे डोळा थोडा इकडे-तिकडे झाला तरी पॅरॅलॅक्सची चूक होत नाही, म्हणजे रेटिकल लक्ष्यावरून सरकल्यासारखं दिसत नाही. ही त्याची मोठीच सोय. आधी पंचवीस मीटरवर गोळी कागदावर पडते का ते बघितलं, मग शंभरावर. माझ्या स्कोपमध्ये चित्र गोठवायची सोय आहे: रेटिकल मध्यावर धरून गोळी झाडायची, परत मध्यावर धरून चित्र गोठवायचं आणि रेटिकल गोळीच्या भोकावर नेऊन सेव्ह करायचं. "एका गोळीत झिरो" असं तिचं कौतुक करतात. एका गोळीवर मी कधीच भरवसा ठेवणार नाही. तीन गोळ्यांचा पुंजका घ्यावा, त्याचा मध्य काढावा आणि त्या मध्यावर रेटिकल न्यावं. रायफलची नळी गार होऊ द्यावी आणि पुन्हा तीन. हातानेच आकडे फिरवायचे असतील तर हिशेब ठेवावा: एमओए आणि मिल ही कोनाची मापं; शंभर मीटरवर एक एमओए म्हणजे साधारण २.९ सेंटिमीटर, पाव एमओएची एक क्लिक म्हणजे जेमतेम ०.७, आणि ०.१ मिलची क्लिक असेल तर बरोबर एक सेंटिमीटर. डिजिटल स्कोपमध्ये एक पायरी किती, हे सेन्सरवर ठरतं आणि ते त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. कधी पाव एमओएपेक्षा बरीच मोठी असते.

दिवसा झिरो झालं म्हणून मी थांबले नाही, कारण रात्री टॉर्चचं वजन स्कोपवर येतं आणि फोकसही बदललेलं असतं. रात्री तेच मैदान, तीच गोळी, टॉर्च लावून. आणि इथे एक गंमत झाली. घरी छापून नेलेलं काळ्या गोलाचं टार्गेट टॉर्चखाली बघितलं तर कागद कोरा! गोल नाही, रेघा नाहीत, आकडे नाहीत. साध्या टॉर्चने बघितलं तर सगळं जागच्या जागी. इंकजेट प्रिंटरच्या कित्येक काळ्या शाया विरघळणाऱ्या रंगाच्या, म्हणजे डायच्या असतात आणि इन्फ्रारेडला त्या जवळजवळ पारदर्शक असतात. लेझर प्रिंटरच्या काळ्या टोनरमध्ये काजळी, म्हणजे कार्बन असतो. तो इन्फ्रारेडही गिळतो, म्हणून ते टार्गेट काळं दिसतं. त्या रात्री लेझर प्रिंट जवळ नव्हता, म्हणून मामांनी गाडीतली काळी इन्सुलेशन टेप काढून कागदावर फुली मारली आणि आम्हाला हवा होता तसा काळा क्रॉस मिळाला. कपड्यांचंही असंच होतं. काळं म्हणून घेतलेलं माझं जॅकेट स्कोपमध्ये राखाडी-पांढरं दिसतं.

रात्रीचा पुंजका दिवसाच्या पुंजक्यापासून थोडा खाली आला. फार नाही, पण रात्रीचाच धरला. शिकार रात्रीच करायची आहे.

झूमबद्दल मात्र मला राग आहे. मोठं करून दाखवण्याची स्कोपच्या भिंगाची मूळ ताकद ठरलेली असते, त्यापुढचा सगळा झूम डिजिटल, म्हणजे तेच ठिपके मोठे करून दाखवणं. डुक्कर मोठं होतं, पण त्याच्याबद्दलची माहिती वाढत नाही. उलट आसपासचं दिसणं कमी होतं आणि हाताचा कंप जास्त दिसतो. या विषयात १९५८ साली अमेरिकी लष्करी प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन यांनी मांडलेला एक हिशेब अजून वापरतात. लक्ष्याच्या सर्वांत अरुंद मापावर काळ्या-पांढऱ्या रेघांची साधारण एक जोडी वेगळी दिसली तर "काहीतरी आहे" एवढं कळतं. कुठल्या प्रकारचं आहे ते कळायला सुमारे चार जोड्या लागतात. आणि नेमकं काय आहे ते ओळखायला सहाहून थोड्या जास्त. तेही निम्म्या वेळा बरोबर येण्यापुरतं. ढोबळमानाने अर्थ असा, की तीनशे मीटरवर मला "काहीतरी" दिसत असेल तर नेमकं ओळखायला ते पन्नासच्या आसपास यायला हवं. म्हणून माझ्या स्कोपच्या पेटीवर छापलेला मोठा पल्ला हा "काहीतरी"चा पल्ला आहे. गोळीचा नाही. काही जण आधी थर्मलने शोधतात आणि मग नाइट व्हिजनने ओळखतात, ते याचसाठी. थर्मलला अंगाची ऊब दिसते, टॉर्च लागत नाही, गवतातलं जनावर पटकन सापडतं. पण त्यात शिंगं, कान, अंगावरचे पट्टे पुसट होतात.

एका रात्री हे सगळं एकदम कामाला आलं. बांधाच्या कडेला, झुडपाच्या बुडाशी, काळपट गोळा बसल्यासारखा दिसत होता. आकार डुकराचा. खांदा फुगीर, मान दिसत नाही. मी झूम वाढवला आणि तो आणखी डुकरासारखा दिसायला लागला.

"मामा, बांधाला. डावीकडे."

मामा बराच वेळ बघत राहिले. "डोळे बघितलेस?"

"पाठमोरं आहे."

"मग थांब."

थांबलो. झूम परत मुळावर आणला, टॉर्च एक पायरी खाली. गोळ्याने तोंड वळवलं आणि दोन डोळे एकदम भक्कन पेटले. तेवढ्यावर निकाल लागला. गाई-गुरं, हरणं, कुत्री, मांजरं यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे टॅपेटम ल्युसिडम नावाचा परावर्तक थर असतो, त्यावरून झोत परत येतो. डुकराच्या डोळ्यांत तो थर नसतो. त्याचे डोळे अगदी टॉर्चच्या रेषेत आले तर बारीकशी चकाकी येईल, पण असे भगभगत नाहीत. समोर होतं ते वासरू होतं, कुंपणातून सुटून आलेलं, पाय दुमडून बसलेलं. उठून उभं राहिल्यावर कान आणि पाय दोन्ही दिसले. उलट बाजू मात्र लागू होत नाही: डोळे चमकले नाहीत म्हणून डुक्करच, असं धरायचं नाही. जनावराने फक्त मान फिरवलेली असू शकते. आणि त्याच्या मागे काय आहे, हा प्रश्न स्कोप कधीच सोडवत नाही. अरुंद झोतात मागचं घर, रस्ता, माणूस काहीच येत नाही. म्हणून बसायच्या जागेसमोर कुठल्या दिशेला गोळी जाऊ शकते हे दिवसा चालत जाऊन ठरवलेलं असतं, आणि त्या पट्ट्याबाहेर चाप ओढायचा नाही.

डुक्कर मिळालं ते नंतर, साधारण सत्तर मीटरवर. झूम मुळावर, टॉर्च एक तृतीयांशाच्या आसपास, पडदा खालून दुसऱ्या पायरीवर. कळपातलं मागचं, कडेचं एकटं, आडवं उभं राहिलेलं. मागे चढाची माती. सोबत पिलं असलेली मादी नाही, याची खात्री व्हायला बराच वेळ गेला. तेवढा वेळ स्कोपमध्ये बघवलं, डोळा शिणला नाही, ते उतरवलेल्या उजेडामुळे. एकाच गोळीत काम झालं.

बॅटरीबद्दल थोडं. थंडीत लिथियम-आयनच्या १८६५० सेलसुद्धा लवकर मान टाकतात, आणि सर्वांत जास्त खाते ती टॉर्च. जोर कमी ठेवला की हाही फायदा होतो. सुटे सेल मी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवते. रेकॉर्डिंग आणि वायफाय बंद. बाहेरच्या थंडीत गारठलेला स्कोप एकदम घराच्या किंवा गाडीच्या उबेत नेला की भिंगावर दव धरतं आणि ते पुसत बसलं की ओरखडे पडतात. त्यापेक्षा झाकणं लावूनच तो आत न्यावा आणि अर्धा तास तसाच राहू द्यावा. काम झालं की सेल काढून ठेवायचे. बराच प्रवास झाला असेल किंवा रायफल आपटली असेल तर दुसऱ्या दिवशी मैदानात दोन-तीन गोळ्या घालून झिरो बघायचं.

धुक्यावर मात्र मला उपाय सापडलेला नाही. टॉर्च चालू केली की समोर पांढरी भिंत, बंद केली की काळी. मामा त्यांच्या ट्यूबमधून थोडा वेळ बघत बसतात, चंद्र असेल तर त्यांना वीस-तीस मीटरपर्यंत काहीबाही दिसतंही. पण तेवढ्यावर गोळी झाडण्यासारखं काही नसतं, म्हणून तेही थोड्या वेळाने थर्मासमधलं उरलंसुरलं संपवून उठतात.